अनीशचा ळ

थांब मोहना, कार्ड पाकिटात घालू नकोस. आत्ता काय म्हणालीस तू? "अक्षर तुझंच आहे गं, पण 'केळवण'मधला हा ळ कोणाचा?" अगं, तू पहिली आहेस! आईला दिसलं नाही, बाबांना दिसलं नाही, तुला बरोब्बर दिसलं. कॉलेजात तीन वर्षं माझ्या वह्या उतरवल्यास, त्याचा हा परिणाम.

नील, हसू नकोस. आणि तिघांत चार प्लेट सेवउसळ कशाला सांगितली तेही विचारू नकोस, येतंय ते. उसळ आली की खा तुम्ही, मी बोलते.

माझं ऑफिस माहितीये ना तुम्हाला? दांडिया बाजारात, घड्याळवाल्याच्या वर, दोन खोल्या. एकीत अविनाशसर, एकीत मी. मार्चमध्ये लागले. पहिल्या दिवशी खुर्चीत बसले तर पाय जमिनीला टेकेनात. खालचा दांडा दाबून खुर्ची खाली करायला गेले, तर सर दारात उभे. म्हणाले, "कर खाली. आता चालेल." आता म्हणजे काय, ते काही मी विचारलं नाही. नवी नोकरी, कोण विचारतं?

पहिलं काम दिलं ते स्नेहमंडळाच्या साइटचं. आपल्या बडोद्यातल्या मराठी लोकांचं मंडळ आहे, नाही का, प्रतापसिंहराव अध्यक्ष आहेत ते. त्या साइटवर रोजचं पंचांग, नाटक कधी, कोणाकडे बारसं, कोण वारलं, सगळं असतं. निम्मे वाचणारे न्यू जर्सीत. तर मी साइट उघडली आणि बघतच राहिले. सगळं मराठी हातानं लिहिलेलं! म्हणजे तसं दिसणारं. शाईच्या पेनाचं, जरा उजवीकडे कललेलं, काने लांब लांब. आणि ळ कसा, तर चष्मा. एक काच छोटी, एक मोठी, आणि मोठी खाली घसरलेली.

सरांना म्हटलं, "कसलं सरस आहे हे! कोणाचं अक्षर?"

सर म्हणाले, "अनीशचं. अनीश फणसे. त्यानं स्वतःच्या अक्षराचाच फॉन्ट बनवला होता. साइटही त्याचीच, इथेच बसून केलेली." आणि आत निघून गेले.

मी पान खाली खाली सरकवत गेले. शेवटी एक काळी चौकट होती. "दुःखद निधन. मंडळाचा तरुण कार्यकर्ता अनीश फणसे याचे भरुचहून येताना करजणजवळ अपघाती निधन झाले." दोन हजार चारचा डिसेंबर.

त्याच अक्षरात, नील. लांब काने, कललेलं, शाईचं. माणूस गेल्याची बातमी त्याच माणसाच्या हातची. 'निधन झाले' असं त्यानं स्वतः बसून लिहावं, तसं. आता मला कळतं की ती प्रतापसिंहरावांनी टाइप केली होती. त्या साइटवर कोणीही काहीही टाइप केलं तरी ते अनीशच्या अक्षरातच उमटायचं. पण त्या दिवशी मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. कारण तेव्हाच कळलं ना, खुर्ची कोणाची ते. कॉम्प्युटर कोणाचा. आणि मूर्खासारखं मी काय केलं असेल? बघू तरी म्हणून पानावरच्या एका रिकाम्या चौकोनात माझं नाव टाइप केलं. अवंती. समोर आलं, अवंती. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्या हातचं. मागून कोणीतरी हाक मारावी ना, तसं झालं. मी खरंच वळून बघितलं. मागे कपाट होतं.

आता पुढचं ऐका. तो चौकोन अभिप्रायाचा होता, कोणीही काहीही लिहू शकायचं. त्यात रोज दिवेलागणीला एक ओळ यायची. नाव नाही, गाव नाही. "आई, दिवा लावलास का?" एवढंच. दुसऱ्या दिवशी, "आई, आज संकष्टी आहे, चंद्र उशिरा निघेल, तोवर सरबत घे." त्याच अक्षरात.

मी सरांना दाखवलं. "सर, हे कोण लिहितं?"

"बंद कर ते पान."

"पण सर..."

"अवंती, बंद कर म्हटलं ना!"

सर कधी ओरडत नाहीत. मग माझ्या लक्षात आलं, की सर रोज दिवेलागणीच्या आत घरी का पळतात. मी आपली समजत होते, बायकोला घाबरतात.

हो, हो, कळतं मला मोहना, तू असतीस तर तिथल्या तिथे राजीनामा दिला असतास. मला पण पळावंसं वाटत होतं. पण काम इतकं भारी होतं ना! प्रतापसिंहरावांना साइट नव्या रूपात हवी होती, आणि सर बंगलोरहून एक मंत्रच घेऊन आलेत. म्हणाले, "तीन खण कर. मजकूर एका खणात. दिसणं दुसऱ्या खणात. तिसऱ्यात हिशेब, म्हणजे आज तिथी कोणती, चंद्र कधी निघणार वगैरे. एका खणाला हात लावला तर बाकीच्या दोघांना पत्ताही लागता कामा नये." म्हणजे उद्या साइट हिरवी करायची झाली तर फक्त दुसरा खण उघडायचा, मजकुराला धक्का नाही. किती छान ना? मला तर ते ऐकूनच कपाट आवरावंसं वाटलं.

आणि अनीशचं काय होतं? सगळं एकात एक. प्रत्येक ओळीत मजकूर, त्याच ओळीत रंग, त्याच ओळीत 'चतुर्थी असेल तर चंद्राची वेळ काढ आणि लाल रंगात दाखव'. शर्ट अंगावर घातलेला नव्हता रे, कातडीलाच शिवलेला होता. मी एकेक टाका उसवत बसले. आणि ज्या दिवशी त्याचा फॉन्ट काढला त्या दिवशी समोर काय आलं, सांग? मराठी नाहीच! इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टिंबं, सगळा भुगा. कारण तेव्हा मराठीची सोयच नव्हती ना. आतमध्ये सगळी इंग्रजी बटणं आणि वरून अनीशचा फॉन्ट पांघरलेला. 'क' म्हणून आत भलतंच काहीतरी, त्याचं अक्षर चढलं की त्याचा 'क' व्हायचा. म्हणजे बघ, साइटवर मराठी नव्हतंच कुठे. मराठी फक्त त्याच्या हातात होतं. हात काढला, आणि मागे भुगा राहिला.

मग मी तो भुगा सगळा खऱ्या मराठीत आणला, युनिकोडमध्ये. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर असतो, जगात कुठेही तोच. मजकूर एका खणात, दिसणं दुसऱ्यात, पंचांग तिसऱ्यात. अक्षर ठेवलं विंडोजचं साधं छापील, मंगल नावाचं. निधनवार्तासुद्धा मंगलमध्ये, काय करणार! लोकांना टाइप करायला त्रास नको म्हणून बटणं जुनीच ठेवली, आतल्या आत बदल करून घेतला. दुपारी नवी साइट चढवली, सरांनी लीलो चेवडो मागवला, प्रतापसिंहरावांचा फोन आला, "वाचता येतंय हो आता चष्म्याशिवाय!" मी अशी खुश! सर वेळेत घरी गेले. मी एकटीच चेवड्यातले बेदाणे वेचत बसले होते, आणि फोन वाजला.

बाईचा आवाज. एकदम शांत. "अनीश कुठे गेला?"

मी म्हटलं, "कोण बोलतंय?"

"मी त्याची आई. पडद्यावर नुसते डबे दिसतायत. रिकामे. ओळीच्या ओळी. अनीश कुठे गेला?"

रावपुऱ्यात घर आहे त्यांचं, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. पद्माकाकू. शाळेत पहिलीला शिकवायच्या, आता रिटायर. दुसऱ्या दिवशी मी विंडोजची सीडी घेऊन गेले. खरंच, पडद्यावर नुसते चौकोन. त्यांच्या कॉम्प्युटरवर भारतीय भाषा चालूच केलेल्या नव्हत्या, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक रिकामा डबा. मला तर ते बघायलाच नको वाटलं. सीडी घातली, खूण केली, मशीन बंद करून चालू केलं, आलं मराठी. मी म्हटलं, "झालं काकू!"

काकूंनी चष्मा लावून वाचलं. "छान आहे. छापलेलं आहे."

मग खुर्ची पुढे ओढली, आणि बटणं न बघता, सराईतपणे, अभिप्रायाच्या चौकोनात टाइप केलं. मी मागे उभी. एकेक अक्षर दिसत होतं मला. "आई, दिवा लावलास का?"

हो नील. त्याच लिहायच्या. मला आधी हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. भूत नाही, आई आहे. पण ते हायसं वाटणं टिकलं नाही. ओळ वर चढली, मंगलमध्ये, छापील, आणि काकू तिच्याकडे अशा बघत राहिल्या, जसा रॉंग नंबर लागल्यावर माणूस फोनकडे बघतो.

म्हणाल्या, "रोज मी लिहायचे आणि येताना ते त्याचं होऊन यायचं. आज माझंच परत आलं."

मी म्हटलं, "फोटो असतील ना काकू..."

"फोटो आहेत बाळ. फोटोत तो तेवढाच असतो. अक्षर रोज नवं लिहायचं."

तिथेच मी बोलून गेले, "मी आणते परत." आणि ते जमणार होतं गं! सरांच्या त्या तीन खणांमुळेच जमणार होतं. आता मजकूर वेगळा होता, दिसणं वेगळं. मग सगळ्या जगाला छापील दिसू दे आणि फक्त रावपुऱ्यातल्या या एका कॉम्प्युटरवर तोच मजकूर अनीशच्या हातचा दिसू दे, एवढंच तर करायचं होतं. सरांना विचारलं, "त्याचा मूळ फॉन्ट कुठाय?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझ्याच मशीनवर होता. तू यायच्या आधी मी सगळं पुसून टाकलं. मला बघवेना."

मग उरलं काय? जुन्या साइटची एक प्रत, तिच्यात त्याचं अक्षर दिसायचं, पण फॉन्ट सोडवून घेता यायचा नाही. मी त्या पानांचे मोठे मोठे प्रिंट काढले, वर बटरपेपर ठेवला आणि एकेक अक्षर गिरवायला बसले. काकूंनी त्याचं पेन दिलं, शाईचं. म्हणाल्या, "यानंच लिहायचा, जाडी तीच येईल." अ, आ, क, का, कि. मग ते स्कॅन करायचं, नवा फॉन्ट बनवायचा. सोपं वाटतं ना? पण त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं अर्ध्याला अर्धं चिकटवून भागवलेली होती. मला अख्खी हवी होती. द्ध, ह्म, ज्ञ, ष्ट्र. त्यानं कधीच न काढलेली! मग विचार करायचा, त्यानं कसं काढलं असतं? आणि विचार करून ते येत नाही हं. मी पानंच्या पानं फाडली. मग एकदा कंटाळून, दुसरंच काहीतरी मनात असताना हात नुसता सोडून दिला, आणि आला. 'श्राद्ध'मधला द्ध. असा सहज, की मीच पेन खाली ठेवलं आणि दार उघडं आहे का ते बघितलं.

पावसाळा संपेपर्यंत तेच चाललं होतं. मग फॉन्ट झाला. काकूंच्या कॉम्प्युटरवर बसवला, काकूंनी दिवा लावला, खुर्चीत बसल्या, टाइप केलं. "आई, दिवा लावलास का?" आणि आला तो. लांब काने, कललेला. काकूंनी काचेवर बोटं ठेवली, त्या ओळीवर. नुसती ठेवली. मला वाटलं, झालं आपलं काम. जिंकलो.

निघताना त्या म्हणाल्या, "पुन्हा कधी येशील ते कॅलेंडरवर लिहून ठेव, मी विसरते." मी तिथलंच पेन उचललं, लिहिलं, 'मंगळवारी येते', आणि चपला घालायला लागले. निरोप घ्यायला वळले, तर काकू कॅलेंडरसमोर उभ्या. मी पण बघितलं.

मोहना, शाई ओली होती अजून. मी लिहिलं होतं. आणि तिथे तो होता. 'मंगळवारी'मधला ळ, घसरलेला चष्मा.

काकूंनी कॉम्प्युटर बंद केला. मागून वायरच काढली. मला खुर्चीवर बसवलं, कागद दिला. "परत लिही."

"काय लिहू?"

"आई, असं लिही."

लिहिलं.

"आई, मी येतो, असं लिही."

मी लिहिलं. 'येतो' लिहिलं. आणि लिहिताना मला खरोखर वाटलं गं, की मी येणारे. लांबून कुठूनतरी निघालेय आणि रस्त्यात आहे. हायवेचा वारासुद्धा लागला तोंडाला. नील, तू हस, खुशाल हस, पण तुझी उसळ निवतेय आणि तू चमचा तसाच धरून बसलायस.

मग रोज जायला लागले. काकू सांगायच्या, मी लिहायचे. "आई, जेवलो. आई, काळजी करू नको." कॉम्प्युटरची गरजच राहिली नाही ना आता. त्या कागद हातात घेऊन खिडकीत बसायच्या. नाही कसं म्हणायचं? त्यांचा चेहरा तुम्ही बघितला नाहीत. आणि खरं सांगू, नाही म्हणावंसं वाटायचंही नाही. दिवस कलला की हात आपोआप त्या बाजूला ओढायचा. घरी आईनं किराणा लिहून मागितला की मी म्हणायचे, तूच लिही, घाईत आहे.

मग दिवाळीच्या आधी बँकेत गेले, पैसे काढायला. सही केली. काउंटरवरच्या भाईंनी ती बघितली, कार्डावरची बघितली, पुन्हा बघितली, आणि स्लिप परत सरकवली. "बेन, आ सही तमारी नथी." म्हटलं, असं कसं, समोर तर केली! दुसरी केली. त्यांनी मान हलवली. तिसरी केली. मागे रांग, लोक चुकचुकतायत, आणि माझ्या नावाची सही मलाच येईना. कार्डावरच्या सहीकडे मी अशी बघत होते, जशी कोणा दुसऱ्याच मुलीची.

संध्याकाळी काकूंना सांगितलं. हसत हसतच सांगितलं, गंमत म्हणून. त्या हसल्या नाहीत. हातातला कागद खाली ठेवला, आणि एकदम शाळेतल्या बाई होऊन म्हणाल्या, "अवंती, अ काढ. तुझा."

काढला. त्याचा आला.

"तुझा म्हटलं मी."

पुन्हा काढला. तोच. मला आठवेचना माझा अ कसा होता! डोळे मिटले, वही डोळ्यांसमोर आणली, तुझ्या-माझ्या त्या वह्या मोहना, तर त्यातही मला त्याचंच अक्षर दिसायला लागलं. मग मी रडायलाच लागले. घाबरले होते गं. खूप.

काकू माझ्या बोटांतल्या पेनकडे बघत होत्या. मला वाटलं, नाही सोडणार त्या. का सोडतील? त्यांच्याकडे तेवढंच तर परत आलं होतं, आणि या वेळी नुसतं काचेवर नव्हे, जिवंत हातातून आलं होतं. मी 'येतो' लिहीत राहिले असते तर तो येत राहिला असता. हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

मग त्यांनी माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं. एकेक बोट उलगडून. टोपण लावलं, शिवणाच्या डब्यात ठेवलं, झाकण दाबलं. म्हणाल्या, "मी हात धरून लिहायला शिकवलंय मुलांना, एवढी वर्षं. त्यालाही. कोणाचा हात काढून घेतला नाही कधी. उद्या तुझी कॉलेजची वही घेऊन ये."

दुसऱ्या दिवसापासून पेन्सिल. पहिलीतल्यासारखी. समोर माझी वही, काकू माझ्या मागे उभ्या, माझ्या हातावर त्यांचा हात, आणि मी माझंच अक्षर गिरवतेय. "गोल पूर्ण कर. हा काना तुझा नाही, तुझा आखूड आहे. बघ वहीत." त्यांचा हात मध्येच थांबायचा कधी कधी. कारण माझं अक्षर परत येत होतं म्हणजे दुसरं काय होत होतं? एकेक अक्षर जात होतं ना त्यांच्याकडून. अ गेला. मग क गेला. म ज्या दिवशी माझा आला, त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पाण्याचा नळ बराच वेळ सोडून ठेवला.

कॉम्प्युटर? त्यावर आता क्रोशाचा रुमाल घातलाय. मी म्हटलं, काकू, त्यातलं अक्षर तर राहू दे, ते काही कोणाच्या हातात शिरत नाही. म्हणाल्या, आहे ना आत, असू दे, रोज उठवायला नको.

बँकेतली सही पास झाली गेल्या आठवड्यात. सगळं आलं परत. हा ळ तेवढा आला नाही. खूप गिरवला. वहीतला बघून काढला की माझा येतो, मान वळवली की चष्मा घसरलेला. शेवटी काकूंनी रबर घेतलं खोडायला, कागदावर टेकवलं, आणि थांबल्या. "राहू दे," म्हणाल्या. "एक राहू दे."

म्हणून तुझं कार्ड लिहायच्या आधी मी त्यांना विचारायला गेले होते, मोहना. म्हटलं, मैत्रिणीचं केळवण आहे, कार्डावर नेमका ळ येतोय, लग्नाचं शुभकार्य, असं गेलेल्या माणसाचं अक्षर तिच्या घरात गेलं तर... तुला चालेल की नाही ते पण विचारणारच होते मी, शप्पथ, पण तू आधीच बघितलंस.

काकू वात वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जाऊ दे की त्याला. त्याचं केळवण राहिलंच होतं."

नील, ती चौथी प्लेट इकडे ओढू नकोस. असू दे तिथे.